घरातला शेजारचा संगणक ‘दिसत’ का नाही? फाइल शेअरिंगच्या चाळीस वर्षांचा इतिहास

१/
घरात दोन संगणक आहेत. दोन्ही एकाच राउटरला जोडलेले, दोन्हींवर इंटरनेट सुरळीत. पहिल्यावरील छायाचित्रांचे फोल्डर रीतसर ‘शेअर’ केलेले आहे. तरीही दुसऱ्या संगणकाच्या ‘नेटवर्क’ खिडकीत पहिल्याचे नावच उमटत नाही. कधी नाव उमटते, पण पासवर्ड मागितला जातो आणि कोणताही पासवर्ड स्वीकारला जात नाही. कधी कालपर्यंत चालणारी सोय एका अपडेटनंतर अचानक बंद पडते. अशा वेळी तार किंवा यंत्र क्वचितच बिघडलेले असते. बहुधा चाळीस वर्षांत घेतलेल्या निर्णयांपैकी एखादा निर्णय आडवा आलेला असतो.

२/
या इतिहासाचे सूत्र थोडक्यात असे. फाइल वाटून घेण्याची ही व्यवस्था एका खोलीतील परस्परांना ओळखणाऱ्या माणसांसाठी जन्मली. त्या खोलीला दार नव्हते, कारण दाराची गरज नव्हती. पुढे त्याच तारेला सारे जग जोडले गेले. मग एकामागून एक कुलपे लावावी लागली, आणि प्रत्येक कुलूप कोणत्या ना कोणत्या अनर्थानंतर किंवा अनर्थाच्या भीतीने लागले. घरातल्या शेअरिंगचे आजचे बहुतेक बिघाड म्हणजे यांपैकी एखाद्या कुलपाची हरवलेली किल्ली होय.

३/
आरंभ १९८३ चा. आयबीएम कंपनीला आपले वैयक्तिक संगणक एकमेकांना जोडायचे होते. त्यासाठी सायटेक या कंपनीने ‘नेटबायॉस’ नावाची व्यवस्था रचली. तिच्यात संगणकाला अंकांचा पत्ता नव्हता, केवळ नाव होते. नाव मिळवण्याची रीत गावातल्या दवंडीसारखी होती. सुरू होणारा संगणक तारेवर सर्वांना ऐकू जाईल असे विचारत असे, ‘हे नाव मी घेतो आहे, कोणाची हरकत?’ कोणी हरकत घेतली नाही, की नाव त्याचे. दुसऱ्याला शोधायचे झाले तरी पुन्हा दवंडीच.

४/
त्या नावाला १६ अक्षरांची जागा होती. मायक्रोसॉफ्टच्या पद्धतीत सोळावी जागा सेवेचा प्रकार दाखवण्यासाठी राखून ठेवली गेली, आणि नावाला १५ उरल्या. आजही विंडोज संगणकाला त्याहून लांब नाव दिले, तर जुन्या पद्धतीच्या व्यवहारात ते पंधराव्या अक्षरावर तुटते. दोन संगणकांच्या लांब नावांची पहिली पंधरा अक्षरे सारखीच असतील, तर घरातल्या जाळ्यात नावाचा तंटा उभा राहतो. त्याचे मूळ १९८३ च्या त्या रचनेत आहे.

५/
दवंडीने नाव सापडले, पण फाइल मागायची कशी? त्याचे नियम आयबीएममधील बॅरी फायगेनबॉम यांनी बांधले. तोच ‘सर्व्हर मेसेज ब्लॉक’, म्हणजे एसएमबी हा प्रोटोकॉल. कल्पना साधी आणि विलक्षण होती. दूरच्या संगणकावरील फोल्डर आपल्याच संगणकाची एखादी डिस्क असल्यासारखे भासावे. चालणाऱ्या प्रोग्रॅमला फरक कळूच नये. ‘डी’ किंवा ‘ई’ अशा अक्षराने ओळखली जाणारी डिस्क प्रत्यक्षात शेजारच्या टेबलावर असू शकत होती.

६/
ज्या डॉस प्रणालीवर हे चालत होते, तिला ‘वापरकर्ता’ ही संकल्पनाच ठाऊक नव्हती. संगणकापुढे जो बसेल तो मालक. म्हणून कुलूप असलेच तर ते माणसाला नव्हे, फोल्डरला होते. फोल्डरचा एक पासवर्ड. ज्याला तो ठाऊक, त्याला प्रवेश. दालनातील दहा-वीस सहकाऱ्यांसाठी ही रीत पुरेशी होती. ‘कोण आले आहे?’ हा प्रश्न तेव्हा व्यवस्थेने विचारलाच नाही, आणि तो न विचारल्याची किंमत पुढे मोजावी लागली.

७/
एसएमबीमध्ये आणखी एक दूरदर्शी तरतूद होती. संभाषण सुरू करताना पहिला संगणक आपल्याला येणाऱ्या ‘बोलीं’ची यादी सादर करतो आणि दुसरा त्यांतील एक निवडतो. या प्रोटोकॉलच्या परिभाषेत आवृत्त्यांना बोली हाच शब्द आहे. या तरतुदीमुळे जुने आणि नवे संगणक वर्षानुवर्षे एकत्र नांदले. मात्र दोघांना येणारी एकही बोली समान नसेल, तर संभाषण पहिल्याच वाक्याला थांबते. हा मुद्दा पुढे फार महत्त्वाचा ठरणार होता.

८/
१९८७ मध्ये मायक्रोसॉफ्टने ‘लॅन मॅनेजर’ आणला. आता माणसाची ओळख पटवण्याची सोय आली, पण पासवर्ड जपण्याची रीत दुबळी होती. पासवर्ड जास्तीत जास्त १४ अक्षरांचा. त्यातील सर्व अक्षरे कॅपिटल केली जात आणि त्याचे सात-सात अक्षरांचे दोन तुकडे स्वतंत्रपणे जपले जात. म्हणजे चोराला एक मोठे कुलूप तोडण्याऐवजी दोन लहान कुलपे तोडणे पुरे होते. सुसंगतीच्या नावाखाली ही रीत पुढे जवळजवळ दोन दशके तग धरून राहिली.

९/
ऑक्टोबर १९९२ मध्ये ‘विंडोज फॉर वर्कग्रुप्स’ आले आणि शेअरिंग सामान्य कचेरीच्या, पुढे घराच्या आवाक्यात आले. स्वतंत्र सर्व्हर नको. प्रत्येक संगणक देणाराही आणि घेणाराही. आता खिडकीत शेजारच्या संगणकांची यादी दिसू लागली. ही यादी कोण तयार करणार? त्यासाठी संगणक आपसांत चक्क निवडणूक घेत. कोणाची प्रणाली अधिक नवी, कोण अधिक काळ चालू आहे, अशा निकषांवर एक ‘मास्टर ब्राउझर’ निवडला जाई आणि यादी तो सांभाळत असे.

१०/
या यादीचा कारभार संथ होता. प्रत्येक संगणक साधारण १२ मिनिटांनी आपली हजेरी पुकारत असे. तीन हजेऱ्या चुकल्या, म्हणजे ३६ मिनिटे गेली, की त्याचे नाव काढले जाई. यादीच्या उपप्रती दर १५ मिनिटांनी ताज्या होत. परिणामी बंद केलेला संगणक ५१ मिनिटांपर्यंत यादीत दिसू शकत होता, आणि चालू असलेला बराच वेळ दिसत नव्हता. यादीतले नाव आणि खरी उपस्थिती या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे तेव्हापासूनचे वास्तव आहे.

११/
‘दोन्ही संगणकांचे वर्कग्रुप एकच ठेवा’ हा घरोघरी दिला जाणारा सल्लाही याच काळातला. वर्कग्रुप हे नाव केवळ यादीचे गट पाडण्यासाठी होते. त्याने कोणतीही परवानगी मिळत नाही आणि कोणतीही अडवली जात नाही. विंडोज एक्सपीच्या होम आवृत्तीने ते मूळ नाव ‘एमएसहोम’ ठेवले आणि इतर आवृत्त्यांनी ‘वर्कग्रुप’. त्यामुळे एकाच घरातले दोन संगणक दोन गटांत पडत आणि एकमेकांना हरवल्यासारखे वाटत. प्रत्यक्षात नाव थेट लिहून दार ठोठावले, तर ते उघडत असे.

१२/
याच सुमारास ऑस्ट्रेलियातील कॅनबेरा येथे एक वेगळी घटना घडत होती. ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीतील संशोधक विद्यार्थी अँड्र्यू ट्रिजेल यांना युनिक्स संगणकावरील फाइल आपल्या डॉस संगणकावर हव्या होत्या. ते वापरत असलेल्या सॉफ्टवेअरचे नियम त्यांच्या हाती नव्हते. त्यांनी तारेवरून जाणाऱ्या संदेशांचे निरीक्षण केले आणि त्यावरून उत्तर देणारा प्रोग्रॅम लिहिला. जानेवारी १९९२ मध्ये त्याची पहिली आवृत्ती प्रसिद्ध झाली. परक्या देशात उपाहारगृहात बसून इतरांचे बोलणे ऐकत भाषा शिकावी, अशी उपमा त्यांनी या पद्धतीला पुढे दिली.

१३/
आपण नकळत एसएमबी उलगडला आहे, हे त्यांना नंतर कळले. प्रोग्रॅमचे आधीचे नाव दुसऱ्या कंपनीच्या हक्काशी भिडत असल्याने नवे नाव शोधावे लागले. तेव्हा त्यांनी शब्दकोशाच्या फाइलमध्ये एस, एम आणि बी ही अक्षरे क्रमाने येणारे शब्द शोधले. मिळालेल्या मोजक्या शब्दांत एक होता ‘सांबा’. तेच नाव रूढ झाले. आज घराघरांत छायाचित्रे साठवणारी लहान पेटी, म्हणजे नॅस, बहुधा लिनक्सवर चालते आणि विंडोजशी सांबाच्या साहाय्याने बोलते.

१४/
या प्रोटोकॉलचे नियम कोणाच्या मालकीचे, हा वाद पुढे युरोपात गेला. मार्च २००४ मध्ये युरोपीय आयोगाने मायक्रोसॉफ्टला ४९.७ कोटी युरोंचा दंड केला आणि आपल्या सर्व्हरशी बोलण्याची माहिती इतरांना देण्याचा आदेश दिला. सप्टेंबर २००७ मध्ये न्यायालयाने तो निर्णय प्रमुख मुद्द्यांवर कायम ठेवला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये सांबा विकसकांसाठी १०,००० युरो एकरकमी भरून ती कागदपत्रे मिळवण्यात आली. वेगवेगळ्या कंपन्यांची यंत्रे एका घरात एकमेकांशी बोलू शकतात, त्याला या लढ्याचाही हातभार आहे.

१५/
दरम्यान खोलीच्या भिंती पडल्या होत्या. विंडोज ९५ आणि ९८ असलेले घरगुती संगणक थेट इंटरनेटला जोडले जात होते, आणि शेअर केलेले फोल्डर जगापुढे उघडे पडत होते. ऑक्टोबर २००० मध्ये उघड झालेला दोष तर बोलका होता. पासवर्ड तपासताना हे संगणक समोरून जितकी अक्षरे आली असे सांगितले जाई, तितकीच पडताळून पाहत. समोरच्याने ‘एकच अक्षर पाठवतो’ म्हटले, की पहिले अक्षर जुळले तरी दार उघडे! फोल्डरला लावलेल्या कुलपाचा काळ संपल्याची ही खूण होती.

१६/
मग कुलपांचे युग आले. २००१ च्या विंडोज एक्सपीमध्ये ठरले, की ज्या खात्याला पासवर्डच नाही त्याने फक्त त्या संगणकापुढे बसूनच काम करावे, नेटवर्कवरून नाही. घरात सोयीसाठी पासवर्ड न ठेवणारे अनेक जण आजही नेमके येथेच अडतात. ऑगस्ट २००३ मध्ये ‘ब्लास्टर’ या कृमीने जगभर थैमान घातले. एका वर्षाने आलेल्या सर्व्हिस पॅक २ ने फायरवॉल मुळातच चालू ठेवली. त्या दिवसापासून शेअरिंगला फायरवॉलमध्ये स्वतंत्र वाट मागावी लागते.

१७/
२००७ च्या आरंभी बाजारात आलेल्या विंडोज व्हिस्टाने तीन गोष्टी बदलल्या. पहिली, जोडलेले नेटवर्क ‘खासगी’ की ‘सार्वजनिक’ हा प्रश्न. सार्वजनिक म्हटले, की संगणक स्वतःला लपवतो. दुसरी, पासवर्ड पटवण्याच्या जुन्या दुबळ्या रीती मुळातच बंद. म्हणून जुन्या नॅसवर पासवर्ड अचूक असूनही नाकारला जाऊ लागला. तिसरी, एसएमबीची दुसरी पिढी. पहिल्या पिढीतील शंभराहून अधिक आज्ञांच्या जागी आता केवळ १९ उरल्या.

१८/
पहिली पिढी मात्र निवृत्त झाली नाही. जुने प्रिंटर, स्कॅन करून थेट फोल्डरमध्ये टाकणारी कचेरीतील झेरॉक्स यंत्रे, पहिल्या पिढीचे नॅस यांना तीच एक बोली येत होती. सप्टेंबर २०१६ मध्ये मायक्रोसॉफ्टमधील नेड पाइल यांनी ‘एसएमबीची पहिली आवृत्ती वापरणे थांबवा’ असे जाहीर आवाहन केले. बहुतेक ठिकाणी काहीच बदलले नाही. चालत्या गाड्याची खीळ कोण काढणार, ही वृत्ती जगभर सारखीच असते.

१९/
त्यानंतरचा क्रम वेगवान आहे. अमेरिकी सुरक्षा यंत्रणा एनएसएने या जुन्या आवृत्तीतील दोषाचा उपयोग करणारे एक हत्यार घडवले होते, असे मानले जाते. त्याचे नाव ‘इटर्नलब्लू’. १४ मार्च २०१७ रोजी मायक्रोसॉफ्टने त्या दोषावरील दुरुस्ती दिली. बरोबर एक महिन्याने, १४ एप्रिलला, ‘शॅडो ब्रोकर्स’ या टोळीने ते हत्यार जगजाहीर केले. आणि शुक्रवारी, १२ मे रोजी, ‘वॉनाक्राय’ सुटला. फाइल कुलूपबंद करून खंडणी मागणारा हा प्रोग्रॅम माणसाच्या एकाही क्लिकशिवाय एका संगणकावरून दुसऱ्यावर जात होता.

२०/
सुमारे १५० देशांतील दोन लाखांहून अधिक संगणक बाधित झाले. इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्यसेवेत २३६ पैकी किमान ८० रुग्णालय-न्यासांच्या कामकाजाला फटका बसला. हजारो रुग्णांच्या भेटी रद्द झाल्या, आणि काही भागांतील रुग्णांना तातडीच्या उपचारासाठी दूर जावे लागले. मार्कस हचिन्स या तरुण संशोधकाने प्रोग्रॅममध्ये दडलेले एक संकेतस्थळनाव नोंदवले आणि प्रसार मंदावला. दुरुस्ती दोन महिन्यांपासून उपलब्ध होती. ती बसवलेली नव्हती.

२१/
महाराष्ट्रालाही याची झळ लागली. २७ जून २०१७ रोजी युक्रेनमधील एका हिशेबी सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून ‘नॉटपेट्या’ पसरला. त्यानेही इटर्नलब्लूचा वापर केला, शिवाय चोरलेल्या पासवर्डांनी दुरुस्त केलेल्या संगणकांतही शिरकाव केला. जागतिक जलवाहतूक समूह मेर्स्क त्यात ठप्प झाला, आणि न्हावा शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरातील त्या समूहाच्या टर्मिनलचे संगणकीय कामकाज थांबले. एका खोलीसाठी जन्मलेल्या व्यवस्थेवरील विश्वासाचा तडा उरणच्या किनाऱ्यापर्यंत पोहोचला होता.

२२/
ऑक्टोबर २०१७ च्या विंडोज १० अपडेटने पहिली पिढी मुळातून वगळण्यास आरंभ केला. यादी करणारा तो जुना ‘ब्राउझर’ याच पिढीवर उभा होता, तोही गेला. म्हणूनच त्या काळात असंख्य घरांत ‘नेटवर्क’ खिडकी रिकामी झाली. शोधाचे काम आता निराळ्या पद्धतीने होते, आणि सांबाला ती पद्धत स्वतःहून येत नसल्याने नॅसवर त्यासाठी वेगळा सहायक प्रोग्रॅम लागतो. सप्टेंबर २०१९ मध्ये सांबानेही जुनी बोली मुळात बंद केली.

२३/
अखेरचे मोठे कुलूप २०२४ चे. विंडोज ११ च्या त्या वर्षीच्या आवृत्तीने, प्रो व त्यावरील प्रकारांत, प्रत्येक संदेशावर सही बंधनकारक केली. वाटेत कोणी मजकूर बदलला नाही, याची ती हमी. पण सहीसाठी ओळख लागते, आणि ‘पाहुणा’ म्हणून येणाऱ्याला ओळख नसते. पासवर्डशिवाय उघडे ठेवलेले घरगुती नॅस एका अपडेटनंतर बंद पडले, ते यामुळे. १९८४ मध्ये न विचारलेला ‘कोण आले आहे?’ हा प्रश्न आता टाळता येत नाही.

२४/
हा इतिहास ध्यानी घेतला, की दुरुस्तीचा क्रम आपोआप ठरतो. प्रथम यादी विसरावी आणि समोरच्या संगणकाचा अंकी पत्ता लिहून दार ठोठावावे. दार उघडले, तर दोष केवळ नावाचा किंवा शोधाचा आहे. उत्तरच आले नाही, तर दोन्ही यंत्रे एकाच जाळ्यात आहेत का, हे आधी पाहावे. राउटरचे ‘गेस्ट वाय-फाय’ यंत्रांना परस्परांपासून मुद्दाम वेगळे ठेवते. त्यानंतर नेटवर्क ‘खासगी’ आहे का आणि फायरवॉलमध्ये शेअरिंगला, म्हणजे ४४५ क्रमांकाच्या पोर्टला, वाट आहे का, हे तपासावे.

२५/
वाट असूनही संभाषण पहिल्या वाक्याला तुटले, तर प्रश्न बोलीचा: जुन्या यंत्राला दुसरी पिढी येते का? पासवर्ड नाकारला, तर प्रश्न ओळखीचा. फोल्डर ज्या संगणकावर आहे तेथील खात्याचे नाव आणि त्याचाच पासवर्ड हवा. चार अंकी पिन येथे चालत नाही, कारण पिन त्या एका यंत्रापुरतीच बांधलेली असते. आत शिरूनही फाइल उघडत नसेल, तर प्रश्न परवानगीचा. शेअरची एक आणि डिस्कवरील फाइलची दुसरी, अशा दोन परवानग्यांपैकी जी कडक, तीच लागू होते.

२६/
या सर्व अडचणींवर एक झटपट उतारा सर्वत्र सांगितला जातो: पासवर्डचे संरक्षण काढा, फायरवॉल बंद करा, एसएमबीची पहिली आवृत्ती पुन्हा चालू करा. त्याने फाइल बहुधा दिसू लागते, हे खरे. पण त्यासोबत घर २०१७ च्या मे महिन्यातील त्या शुक्रवारच्या दिशेने एक पाऊल मागे जाते. दोन्ही संगणकांवर पासवर्ड असलेले एक खाते आणि नॅसवर नवे फर्मवेअर, एवढ्याने बहुतेक घरांचे काम भागते. ज्या यंत्राला जुनी बोलीच येते, त्याच्यासाठी पेनड्राइव्ह अजून उपलब्ध आहे.